आधी कोणाचे देणे?



गिरणगावात एके काळी महिन्याची दहा तारीख ही केवळ गिरणीकामगाराची तारीख नव्हती. वेतन प्रदानाच्या १९३६ च्या कायद्याने हजार किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याच्या मालकावर असे बंधन घातले होते की, सरलेल्या महिन्याचा पगार पुढील महिन्याचा दहावा दिवस उलटण्यापूर्वी झालाच पाहिजे. त्याहून लहान कारखान्यांसाठी सातवा दिवस होता. ही तारीख मालकांच्या उदारपणातून आलेली नव्हती. पगार दोन-दोन महिने अडकवून ठेवायचा, म्हणजे कामगार काम सोडून जात नाही, हा गिरण्यांचा जुना रिवाज होता आणि त्याविरुद्ध झालेल्या दीर्घ झगड्यानंतर कायद्याच्या पुस्तकात ती तारीख उमटली.

परंतु लालबाग, परळ, डिलाईल रोडच्या चाळींत त्याच तारखेकडे डोळे लावून बसलेली आणखी एक व्यक्ती होती. ती म्हणजे खानावळ चालविणारी बाई. कोकणातून व घाटावरून आलेले, बायकामुले गावी ठेवून एकेका खोलीत दाटीने राहणारे कामगार तिच्याकडे महिनाभर जेवत. पैसे पगाराच्या दिवशी. तोवर तिचा सारा संसार आणि सारा धंदा उधारीवर चाले. पगाराच्या संध्याकाळी गडी पैसे आणून देत, आणि त्याच संध्याकाळी ते पैसे तिच्या हातून पुढे जात: किराणा दुकानदार, दूधवाला, भाजीवाली, कोळीण, रॉकेलवाला, कोळशाचा वखारवाला. एका बैठकीत अनेकांची देणी भागवावयाची आणि उरले तर घरात ठेवावयाचे.

आज बँका व संगणकप्रणाली विकणाऱ्या कंपन्या एक सोय मोठ्या अपूर्वाईने सांगत असतात. धंद्याच्या सर्व पुरवठादारांची देणी एकाच आदेशाने, एकाच क्षणी, वेगवेगळ्या बँकांतील त्यांच्या खात्यांत जमा करता येतात. धनादेश लिहावयास नको, सही घ्यावयास नको, कोणी दारात यावयास नको. सोय खरी आहे. पण खानावळवाल्या बाईला तिच्यातील मर्म ठाऊक होते. अनेकांना एकाच वेळी देणे ही हिशेबाची अडचण तिला कधीच भासली नाही. तिची अडचण निराळी होती: हातातील रक्कम सर्वांना पुरणारी नसेल, तर आधी कोणाचे देणे? संगणकाने हिशेबाची अडचण सोडविली आहे. दुसरा प्रश्न त्याने सोडविलेला नाही, आणि तो सोडविणे हे त्याचे कामही नव्हे.

उधारीचा वाणी

खानावळीच्या वहीतही क्रम होताच. ज्याच्या हाती उद्याचे पीठ, त्याचे देणे आधी. किराणा दुकानदाराने हात आखडता घेतला, तर दुसऱ्या दिवशी चूल पेटत नसे. म्हणून तो पहिला. भाजीवाली ओळखीची, ती थांबे. भाकऱ्या थापावयास येणारी शेजारीण तर सर्वांत शेवटी. दुबळ्याने दुबळ्याला थांबवावे, हा या साखळीचा नियमच होता. आणि जो पहिला होता, तो या साऱ्याची किंमत वसूल करी. उधारीच्या गिऱ्हाइकाला दुकान बदलता येत नाही. भाव जो लावला जाईल तो, माल जो मिळेल तो. निवडलेले तांदूळ रोखीच्या गिऱ्हाइकाला, आणि खडे वेचावयाचे काम उधारीच्या.

सत्तरीच्या दशकातील संपांच्या काळात हे अधिक उघडे पडले. पगार थांबला, तरी खानावळवाल्या बायकांनी संपकरी कामगारांना जेवू घातले. संपाचा निधी, संपाची पत्रके, संपातील भाषणे यांची नोंद चळवळीच्या इतिहासात आहे. परंतु ज्या उधारीवर संप उभा राहिला, ती उधारी बायकांच्या नावावर दुकानदाराच्या खतावणीत मांडलेली होती. या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली संघटित केले आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आणि डाव्या कामगार चळवळीतून आलेल्या या कार्यकर्तीने खानावळीकडे धर्मादायाचा विषय म्हणून पाहिले नाही. तिने त्यात एक उद्योग पाहिला आणि त्या उद्योगाला खेळते भांडवल नाही, हे त्याचे दुखणे ओळखले.

त्या वेळी बँकेचे दार नुकतेच थोडे उघडले होते. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. १९७२ साली अत्यंत दुर्बलांसाठी ४ टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजना आली होती. पण दार उघडे असणे आणि दारातून आत जाता येणे यांत अंतर असते. तारण नाही, दुकानाचा परवाना नाही, सही करता येत नाही, अशी बाई एकटी शाखेत गेली असती, तर शिपायानेच तिला परत पाठविले असते. गट करून, एकमेकींची हमी घेऊन त्या गेल्या, तेव्हा बँक ऑफ बडोदाने प्रथम १४ जणींना कर्ज दिले. त्या कर्जाने श्रीमंती आली नाही. एकच गोष्ट घडली: बाई रोखीने खरेदी करू लागली. रोखीने खरेदी करणारी बाई दुकान निवडू शकते, घाऊक बाजारात जाऊ शकते, वजनावर बोट ठेवू शकते. तिच्या मुक्ततेचा आरंभ पुरवठादाराचे देणे वेळेवर देता येण्यापासून झाला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला, आणि त्याची औपचारिक अखेर कधी झालीच नाही. गिरण्या गेल्या, तशा गिरण्यांच्या आसऱ्याने चालणाऱ्या खानावळीही आटल्या. ज्या दहा तारखेवर सारी साखळी लोंबत होती, ती तारीखच गिरणगावातून नाहीशी झाली.

उघडलेले नवे दार

आता ‘खुली बँकव्यवस्था’ असा शब्द ऐकू येतो. १९६९ साली खुलेपणाचा अर्थ कर्जाचे दार गरिबाला उघडणे असा होता. आजच्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. खातेदाराच्या संमतीने त्याच्या खात्याची माहिती, आणि काही देशांत त्या खात्यातून पैसे देण्याचा अधिकारही, बँकेबाहेरच्या तिसऱ्या संस्थेला वापरू देणे, असा तो अर्थ आहे. ब्रिटनमध्ये स्पर्धा नियामकाने २०१७ साली नऊ मोठ्या बँकांना तसा आदेश दिला आणि जानेवारी २०१८ पासून ही व्यवस्था सुरू झाली. युरोपीय संघाचे नियमही त्याच महिन्यात लागू झाले. तेथील लहान दुकानदार आपल्या हिशेबाच्या प्रणालीतच देयकांची यादी तयार करतो, बँकेपुढे एकदा ओळख पटवितो आणि यादीतील साऱ्यांचे पैसे निघतात.

भारतात ही दोन कामे दोन वेगळ्या दारांनी होतात. माहिती पाहण्याचे दार म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या निर्देशांखाली आलेले ‘अकाउंट अ‍ॅग्रिगेटर’. प्रत्यक्षात ते २ सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाले. ही संस्था खातेदाराच्या संमतीने एका ठिकाणची माहिती दुसऱ्या ठिकाणी पोहोचविते. ती माहिती तिला स्वतःला वाचता येत नाही आणि पैशाचा व्यवहार करण्याची तिला मुभा नाही. पैसे देण्याचे दार वेगळे. २०१६ साली आलेली यूपीआय आहे, आणि धंद्याच्या मोठ्या याद्यांसाठी बँकांनी कंपन्यांच्या हिशेब-प्रणालींना दिलेली थेट जोडणी आहे. यादीच्या प्रत्येक ओळीत नाव, खातेक्रमांक, शाखेचा संकेतांक आणि रक्कम. एक कारकून यादी मांडतो, दुसरा अधिकारी मान्यता देतो. एनईएफटीने गेलेली रक्कम अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खेपेने पोहोचते. ही सेवा १६ डिसेंबर २०१९ पासून सुट्टीच्या दिवशी आणि रात्रीही चालू असते. दोन लाखांवरील रकमांसाठीची आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून अहोरात्र झाली. पैसे पाठविण्यापूर्वी खातेधारकाचे नाव दाखविण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत सर्व बँकांनी द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश झाला. त्यामुळे एका चुकलेल्या आकड्याने भलत्याच्या खात्यात पैसे जाण्याचे भयही कमी झाले.

या सुधारणांना नाके मुरडण्याचे कारण नाही. लहान पुरवठादाराने धनादेशासाठी कचेरीच्या बाकावर किती दिवस काढले, हे दादरच्या वा गिरगावच्या कोणत्याही छापखानेवाल्यास विचारावे. ‘साहेब सहीला नाहीत’, ‘उद्या या’, ‘धनादेश-पुस्तक संपले आहे’, ‘बँक बंद आहे’ ही उत्तरे त्याला पाठ होती. ती उत्तरे आता देता येत नाहीत, हा या व्यवस्थेचा सर्वांत मोठा गुण. आणि म्हणूनच तिच्यातून निघणारा निष्कर्ष स्पष्टपणे मांडला पाहिजे. पूर्वी उशिराला निमित्त होते. आता ज्या घटकेला इच्छा होईल, त्या घटकेला पन्नास जणांचे पैसे पोहोचविता येत असतील, तर ज्याचे पैसे पोहोचले नाहीत, त्याला कोणी तरी जाणूनबुजून थांबविले आहे. उशीर हा आता अपघात राहिलेला नाही. तो निर्णय झाला आहे.

गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या परळच्या इमारतींकडे या दृष्टीने पाहावे. तेथील एखाद्या मोठ्या उपाहारगृहाला भाजी, मासळी, पाव, पापड, धुलाई, कागद, सफाई असे अनेक जण पुरवठा करतात. यादी एकच असते, कळही एकच असते. पण कोणाच्या ओळीपुढे सात दिवस आणि कोणाच्या ओळीपुढे नव्वद दिवस, हे संगणक ठरवीत नाही. ज्याच्यावाचून उद्या अडेल, त्याचे सात. जो बदलता येईल, त्याचे नव्वद. खानावळीच्या वहीतील क्रम तोच आहे. फरक इतकाच की, ती बाई हाती पैसे नसल्यामुळे थांबवीत असे, आणि येथे पैसे हाती असून थांबविले जाते. त्या नव्वद दिवसांत दुसऱ्याचे पैसे बिनव्याजी वापरावयास मिळतात.

कायदा काय म्हणतो

पगाराला १९३६ साली तारीख मिळाली. लहान पुरवठादाराच्या देण्यासंबंधी केंद्रीय कायदा झाला तो १९९३ साली, आणि त्याची जागा २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने घेतली. सूक्ष्म व लघु उद्योगाचा माल वा सेवा स्वीकारल्यावर, करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. अन्यथा रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने, असे हा कायदा सांगतो. २०१९ पासून अशी थकबाकी असणाऱ्या कंपन्यांना दर सहामाहीस सरकारकडे विवरण द्यावे लागते. २०२३ च्या वित्त कायद्याने आणखी एक पाऊल टाकले: या मुदतीत न दिलेली रक्कम, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, प्राप्तिकरासाठी खर्च म्हणून धरता येणार नाही. त्यावर मोठे खरेदीदार नोंदणीकृत लहान उद्योगांकडून माल घेणेच बंद करतील, अशी भीती व्यापारी संघटनांनी व्यक्त केली. ती भीती खरी असो वा नसो, तिच्यातून शक्तीचा तोल कोणाकडे आहे, हे दिसले.

या कायद्याला दोन छिद्रे आहेत. पहिले असे की, २०२१ पासून किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना ‘उद्यम’ नोंदणी मिळू लागली, पण तिचा लाभ अग्रक्रमाच्या बँककर्जापुरताच ठेवला गेला. परिणामी लालबागेत मिरची कांडून मसाला तयार करणाऱ्या बाईला ४५ दिवसांचे संरक्षण आहे, आणि तोच मसाला विकत घेऊन उपाहारगृहाला पोहोचविणाऱ्याला नाही. दादरच्या बाजारातून पहाटे भाजी उचलून हॉटेलांना देणाऱ्यालाही नाही. दुसरे छिद्र अधिक खोल आहे. कायद्याने दाद मागावयाची तर ज्याच्याकडून काम मिळते, त्याच्याविरुद्धच अर्ज करावा लागतो. एकट्या माणसाने तो अर्ज करावा आणि पुढच्या महिन्यात त्याला काम मिळावे, ही अपेक्षा व्यवहारात टिकत नाही. एकट्या कामगाराला मालकाविरुद्ध जे जमले नाही, ते एकट्या पुरवठादाराला जमणार नाही.

मग उपाय म्हणून बाजाराने दुसरी सोय काढली. खरेदीदाराने मान्य केलेले देयक ‘ट्रेड्‌स’ नावाच्या मंचावर बँकेला विकावे आणि पैसे लगेच घ्यावेत. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली त्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली. २०१७ पासून तो व्यवहार सुरू झाला. २०२४ च्या अधिसूचनेने २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तेथे नोंदणी सक्तीची झाली. ही सोय निरुपयोगी नाही. पण तिच्यात देयकाची कसर सामान्यतः विक्रेता सोसतो. म्हणजे थांबविले मोठ्याने आणि व्याज भरले लहानाने. उधारीच्या वाण्याने लावलेला चढा भाव नवे नाव घेऊन परत आला, एवढेच.

माहितीच्या दाराचेही असेच आहे. कर्ज देणारी संस्था पुरवठादाराच्या संमतीने त्याचे खाते पाहते. तेथे पैसे अनियमित आलेले दिसले की, धोका अधिक मानून व्याज वाढविले जाते. अनियमितता खरेदीदाराची, शिक्षा पुरवठादाराला. संमती काढून घेण्याचा अधिकार नियमांत आहे. परंतु कर्जाची निकड असलेल्या माणसापुढे संमतीचा कागद आला, तर तो नाही म्हणत नाही. गरजवंताला अक्कल नसते, असे जग म्हणते. वस्तुतः त्याला पर्याय नसतो.

कार्यकर्त्यांपुढील काम

अन्नपूर्णाच्या उदाहरणातून जो बोध निघतो, तो असा: १९६९ साली दार उघडले ते सरकारच्या निर्णयाने, पण खानावळवाली त्या दारातून आत गेली ती संघटनेच्या बळावर. आजच्या खुल्या बँकव्यवस्थेचेही तसेच होणार आहे. संघटना असेल, तर एका आदेशात सर्वांची देणी देण्याचे हे साधन समतेचे साधन होऊ शकते. नसेल, तर ते सर्वांना एकाच वेळी थांबविण्याचे साधन होईल.

म्हणून काही कामे हाती घेतली पाहिजेत. घरगुती उद्योग, कांडप, शिवण, पापड, डबे यांत असलेल्या बायकांची ‘उद्यम’ नोंदणी वस्तीवस्तीत करून दिली पाहिजे. नोंदणीवाचून कायद्याचा आधार कागदावरच राहतो. प्रत्येक देयकावर मुदतीची तारीख छापण्याची सवय लावली पाहिजे. थकबाकीचे अर्ज एकट्याने नव्हे तर मंडळाने, सहकारी संस्थेने, संघटनेने मांडले पाहिजेत. लहान पुरवठादार-व्यापाऱ्यांनाही ४५ दिवसांचे संरक्षण मिळावे, ही मागणी केली पाहिजे. सरकार आणि महापालिका हेही कायद्याच्या दृष्टीने खरेदीदार आहेत. शाळांचा आहार शिजविणाऱ्या बचतगटांची बिले थकल्याच्या तक्रारी नव्या नाहीत, आणि त्या धर्मादायाच्या भाषेत नव्हे, तर कायदेशीर देण्याच्या भाषेत मांडल्या पाहिजेत. संमतीचा कागद वाचून दाखविणे, तिची मुदत आणि ती मागे घेण्याची रीत समजावून सांगणे, हे आजचे साक्षरतेचे काम आहे.

आणि एक काम घरचे आहे. कामगारसंघटना, पतपेढ्या, ग्राहक संस्था, शाळा, वाचनालये, साप्ताहिके अशा ज्या संस्था समाजवादी विचारांच्या माणसांनी उभारल्या, त्यांच्याही यादीत छापखाना, चहावाला, मंडपवाला, सफाई करणारी बाई यांच्या ओळी आहेत. ‘आपलाच माणूस आहे, थांबेल’ हे वाक्य या संस्थांत सर्रास ऐकू येते. नेमका जो आपला, त्यालाच थांबविण्याची ही रीत खानावळीच्या वहीतूनच आली आहे. तिला तेव्हा नाइलाज होता. आज एकही नाइलाज उरलेला नाही. ज्या चळवळीने पगाराला तारीख मिळवून दिली, तिने आपल्या देण्यांनाही तारीख द्यावी, आणि ती यादी खालून वर वाचण्यास आरंभ करावा: सर्वांत लहान रक्कम आधी, सर्वांत मोठी शेवटी. एवढे स्वतःच्या कचेरीत करून दाखविल्यावर मग परळच्या इमारतीतील मालकाला ते सांगण्याचा अधिकार प्राप्त होईल.